काटा हललाच नाही

"हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणार, म्हणून इतके दिवस तोंड बंद ठेवलं होतं," मी म्हणालो. "पण ही गाडी सहाशे चाळीस किलोमीटर जाऊन आली आणि पेट्रोलचा काटा जिथे होता तिथून केसभर हलला नाही."

"काढलं वेड्यात," कंडक्टर म्हणाला. "पुढे बोल."

कंडक्टर म्हणजे माझा चाळीस वर्षांपासूनचा शेजारी. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी समोरच्याकडे असा बघतो की माणूस नकळत खिसा चाचपतो. दुपारचा चहा झाला की तो माझ्या गॅरेजसमोर येऊन बसतो, आणि बसतो कशावर, तर त्याच गाडीच्या पुढच्या डाव्या सीटवर. ती मी त्याला दोन लाकडी ठोकळ्यांवर मांडून दिली आहे. मागची लांब सीट शेजारच्या पंक्चरवाल्याकडे गेली, त्याच्या गिऱ्हाइकांना टेकायला. सीटा गाडीतून बाहेर का आल्या, ते येईलच.

पंक्चरवाला आमच्याहून वीसेक वर्षांनी लहान. दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली सहा "हवा बघू का?" अशी असतात. त्या वेळी तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत होता. ऐकतोय की नाही, हे त्याच्या बाबतीत कधीच कळत नाही.

गाडी शटरच्या बाजूला, पत्र्याच्या बंद फाटकाच्या आत उभी होती. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी. माझ्या मुलीने नोकरी लागल्यावर हट्टाने घेतलेली. तेव्हा तिला डिकीवर एक पंख होता, वीतभर रुंद टायर होते, आणि सायलेन्सर असा की गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या फळीवरचे पेले वाजायचे. आमची ही म्हणायची, "आली तुमची लेक. चहा टाकते." लग्न होऊन मुलगी लांब गेली, तशी गाडी माझ्याकडे राहिली. "फिरवत जा रे बाबा, नुसती उभी राहिली तर गंजेल," असं जाताना बजावून गेली. तेव्हा ती मला अरेतुरे करायची.

"पेट्रोल मात्र प्यायची म्हणजे किती," मी म्हणालो. "एकदा पंपावर उभा होतो. इंजिन बंद करायला विसरलो. तो बिचारा वरून ओततोय आणि ही खालून संपवतेय. तासाभराने तोच म्हणाला, काका, तुम्ही जिंकलात."

"हे तू मागे ट्रकचं म्हणून सांगितलं होतंस."

"ट्रकचं वेगळं. ट्रकला दोन तास लागले होते."

"बरं. मग इतकी वर्षं पीत होती, ती आत्ताच कुठे तुला सलायला लागली?"

हा प्रश्न मला नको होता. पण गोष्टीला पाया लागतो. "लेकीला फोन केला. म्हटलं, येतो दोन दिवस. ती म्हणाली, 'कशाला बाबा एवढ्या लांब? ती गाडी किती पेट्रोल पिते, तुम्हाला माहीत आहे ना. राहू द्या.' झालं. गिऱ्हाइकाची तक्रार आली. मेस्त्री कामाला लागला."

जन्मभर मी हेच करत आलो. माणूस येऊन म्हणतो, गाडी ॲव्हरेज देत नाही. मी बॉनेट उघडतो. त्याचा चेहरा का उतरलाय, घरी काय झालंय, हे मी कधी विचारलं नाही. ते खातं आमच्या हिचं. ती असती तर मी फोन ठेवताच म्हणाली असती, "अहो, ती गाडीबद्दल बोलत नाहीये." पण तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. तिला दवाखान्यात हलवलं त्या दिवशी मी कुणाचं तरी इंजिन खोलून बसलो होतो. निरोप घेऊन कंडक्टरच आला होता. "एवढं बसवून आलोच," असं मी त्याला म्हणालो. बसवून गेलो तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते, आणि तीनशे वीस किलोमीटरवरून निघालेली मुलगी माझ्या आधी पोचली होती. ती मला एक शब्द बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून मला 'तुम्ही' म्हणायला लागली.

हे मी त्या दोघांपुढे काढलं नाही. त्यांना काय सांगितलं ते सांगतो.

"सगळ्यात आधी डिकीवरचा पंख उतरवला. वेगात गाडी उडू नये म्हणून तो तिला खाली दाबून धरतो. मी कुठे उडणार होतो? तो तुझ्याच बायकोला दिला."

"त्यावर तिने कुंड्या मांडल्यात," कंडक्टर पंक्चरवाल्याला म्हणाला. "एकही उडाली नाही अजून."

"मग टायर. रुंद टायर म्हणजे रस्त्याशी भांडण. ते काढले, अरुंद घेतले, नवेकोरे. चाकांवर चढवले कोणी? याने. विचार त्याला."

पंक्चरवाल्याने घमेल्यातून मान वर करून होकार दिला आणि परत खाली घातली.

"मग इंजिन. फिल्टर बदलला, नळ्या धुतल्या, प्लग असे घासले की त्यात बघून दाढी केली. गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा मारला, वारा अडकायला नको. बाहेरचे आरसे काढले."

"आरसे काढलेस? मागचं कसं दिसणार?"

"मागचं बघायचंय कुणाला? तर मग वजन. स्टेपनी काढली, जॅक काढला, टेप काढला, मागची सीट काढली."

"आणि किलोमीटर मोजायचं मीटर?"

"तेही काढलं. पाव किलो भरलं."

"वा," कंडक्टर म्हणाला. "ते बरं आठवलं तुला."

"शेवटी गाडीत जड असा मीच उरलो. तीन आठवडे एक वेळ जेवलो. निघताना केस कापून घेतले. कवळी चढावर खिशात ठेवायचो आणि उतारावर तोंडात."

"वजन तेच राहिलं ना, लेका."

"म्हणून तर तू कंडक्टर राहिलास आणि मी मेस्त्री झालो."

पंक्चरवाल्याचे खांदे हलले. तो हसतो तेव्हा एवढंच होतं.

पुढच्या डाव्या सीटचं मात्र मी भरभर बोलून टाकलं. बाकी सगळं एका दुपारी सुटलं होतं. त्या सीटचे चार बोल्ट दोन दिवस तसेच राहिले. पाना लावायचो आणि काढायचो. आमची ही तिच्यावर बसायची तेव्हा प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबायची. उजव्या टाचेखाली गालिच्याला खळगा पडला होता. शेवटी स्वतःला सांगितलं की सीट अठरा किलो आहे, अठरा किलो म्हणजे थोडं नाही, आणि तिच्यावर आता बसणार कोण? चारही बोल्ट काढले. मग गालिचाही काढला.

"उजाडता उजाडता निघालो," मी म्हणालो. "पायाखाली अंडं आहे असं समजून पेडल दाबत होतो. मोठा चढ लागला, तिथे मागून एक सायकलवाला आला. म्हणाला, 'काका, ढकलू का?' म्हटलं, हात लावू नकोस बाबा, ॲव्हरेज बिघडेल. चढ संपला, तसं बॉनेटवर एक फुलपाखरू येऊन बसलं. चौदा किलोमीटर बसून होतं. वाऱ्याने त्याचा पंखसुद्धा हलला नाही. एका फाट्यावर उतरून गेलं."

"तिकीट काढलं होतं?"

"अर्धं."

"अर्ध्या तिकिटाला बसायला जागा मिळत नाही. पुढे."

"निम्मी वाट झाली तेव्हा काट्याकडे पाहिलं, तर टाकी भरलेली. म्हटलं, काटा अडकला. बोटाने टिचकी मारली. तर आणखी थोडा वर गेला."

कंडक्टर हसला, पण डोळे बारीक करून. "आधी कळवलं होतंस का तिला, येतोय म्हणून?"

"छे. कळवलं असतं तर दुसरं कारण निघालं असतं."

हे तोंडातून निसटलं. गोष्टीत ते नव्हतं.

"दुसरं म्हणजे?"

"दुसरं म्हणजे... बॅटरी."

तो माझ्याकडे तिकीट मागितल्यासारखा बघत राहिला. मग त्यानेच मान फिरवली.

गोष्ट आता मुलीच्या घराशी आली होती. गाडी असो की गोष्ट, मुक्कामाला पोचताना वेग कमी करावा. मी बिडी पेटवली, दोन झुरके घेतले.

"ती फाटकाशीच उभी होती. गाडी ओळखलीच नाही तिने. पंख नाही, आवाज नाही, पाय बारीक झालेले. मग आत मी दिसलो. 'बाबा,' म्हणाली, 'आलास? अरे, इतक्या लांब?' मी नुसतं बोट दाखवलं काट्याकडे. तिने खिडकीतून डोकं आत घातलं, काटा पाहिला, आणि हसायला लागली. आईसारखं हसते ती, आधी आवाज येत नाही, मग थांबत नाही. म्हणाली, 'आता तर तू दर आठवड्याला यायला हवंस. आता कारणच उरलं नाही काही.'"

इथे कुणीतरी टोमणा मारायला हवा होता. मी त्यासाठी जागा सोडली होती. घमेल्यातलं पाणी तेवढं हललं.

"राहिलास मग?" कंडक्टरने विचारलं.

"दोन दिवस. सोडत नव्हती. नात तर गाडीतून उतरेना. आत सीट नाही, तर उभीच राहिली, टपाला डोकं लावून."

"तरीच," तो पंक्चरवाल्याला म्हणाला. "मागच्या सोमवारी आणि मंगळवारी याचं शटर बंद होतं ना? मला वाटलं, याला बरं नाही. दार वाजवलं तर आतून काही नाही. आमची ही म्हणत होती, दार तोडा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं झालं गेलास ते. फार बरं झालं."

चाळीस वर्षांत या माणसाने माझी एकही गोष्ट खरी मानली नव्हती. बढाई मारणाऱ्याने अशा वेळी उठून आत जावं, हात धुवावेत. मी नेमकं उलटं केलं.

"खोटं वाटत असेल तर काटा बघा ना," मी म्हणालो. फाटक ढकललं, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. काटा सुळकन वर गेला आणि टाकी भरल्याच्या खुणेवर जाऊन थांबला. "हे बघ. जाऊन येऊन. आता बोल."

कंडक्टरने बसल्या जागेवरून मान लांब केली. "अरे, खरंच की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि मला ते सोसेना.

पंक्चरवाला हात पुसत उठला. मला वाटलं, तोही काटा बघायला येतोय. तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि टायरच्या खालच्या बाजूला, जिथे रस्ता लागतो तिथे, तळवा फिरवत राहिला. मग मागच्या चाकापाशी गेला. तिथेही तेच. परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याची नजर माझ्या चपलांवर होती.

"मेस्त्री," तो म्हणाला, "नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. साच्यातून निघताना राहतात ते. बाजूचे टिकतात पुष्कळ दिवस. रस्त्याला टेकतात ते पहिल्याच फेरीत झडतात."

"बरं मग?"

"मी चढवले तेव्हा होते, ते सगळे तसेच आहेत." दिवसाची दहा वाक्यं त्याने कधीच ओलांडली होती. "टाकी भरलेली आहे, कारण ही गाडी फाटकाबाहेर गेलेलीच नाही."

किल्ली फिरवलेलीच होती, काटा वर होता. कंडक्टर सीटवरून उठला. त्याने ती दोन्ही हातांनी ठोकळ्यांवरून खाली घेतली आणि फरफटत गाडीच्या डाव्या दारापाशी आणून ठेवली. "बोल्ट आण," तो म्हणाला, "उद्या उजाडता निघू."