घोंगड्यांचा मांडव

आबांच्या वहाणांची करकर आधी कानावर येई आणि मग आबा दिसत. पहाटेच्या धूसर उजेडात ती करकर डोंगराकडे चढत जाई, दिवस कलताना पुन्हा खाली उतरे, आणि मधल्या साऱ्या प्रहरांत आमच्या घरावर एक अवघडलेली शांतता पसरून राही. माझे वडील स्वस्थ बसलेले मला आठवतच नाहीत. भाकरीसुद्धा ते उंबऱ्यात उभ्यानं, डोंगराकडे तोंड करून खात, आणि घासागणिक त्यांची नजर वरच्या हिरड्याच्या रानावरून फिरून येई. आई म्हणायची, देवानं या माणसाच्या पायाला भिंगरी बांधूनच त्याला खाली धाडलंय.

या अस्वस्थतेचं मूळ मला फार उशिरा उमगलं. माझ्या जन्माच्या आसपास जंगलचा कायदा मोडायचा म्हणून वारणेच्या खोऱ्यातल्या आमच्या गावानं सरकारी रानात कुऱ्हाडी चालवल्या होत्या, आणि पहिला घाव आबांचा होता. त्यापायी ते तुरुंगात जाऊन आले. गावानं त्यांना वाजतगाजत वेशीतून आत आणलं. पुढं बेचाळीसच्या धामधुमीत सरकारी रखवालदार डोंगर सोडून पळाला, आणि राज्य आपलंच झालं या हर्षात लोक रानात शिरले. कुणी आढ्यासाठी ऐनाचं झाड पाडलं, कुणी भट्ट्या लावून कोळसा बाजारात नेला. बघता बघता डोंगराचा खांदा उघडा पडला, आणि वैशाखापर्यंत वाहणारा झरा होळीलाच आटला. बायका घागरी घेऊन ओढ्यातली वाळू उकरू लागल्या. आबांनी हे कुणापाशी बोलावं? त्यांच्याच नावाचा जयजयकार करीत लोक झाडं तोडत होते.

अखेर त्यांनी गाव देवळात बोलावलं. हिरव्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, पडलेलं वाळकं तेवढं उचलायचं आणि राखण घरटी पाळीनं करायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. बोलतानाही ते खांबांमधून येरझाऱ्या घालत होते. गणपाकाका, त्यांचे धाकटे चुलतभाऊ, ताडकन उठले.

"दादा, कुऱ्हाड तुमीच दिली न्हवं आमच्या हातात? आता तुमीच काढून घेताय व्हय?"

आबा थांबले. पाय थांबलेले आबा, हे दृश्य तेवढं एकदाच पाहिल्याचं मला स्मरतं.

"तवा डोंगर सायबाचा हुता, गणपा. आता आपला हाय."

गाव हो म्हणालं, पण ते तोंडदेखलं होतं. हा नियम पहिल्यांदा कोण मोडतो आणि आपण कधी सुटतो, याचीच सगळे वाट पाहत होते. आणि पहिला प्रसंग आला तो आमच्याच दारात. मिरजेच्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या एका मुलाशी माझं लग्न ठरलं.

मांडव म्हणजे आमच्याकडे हिरवागार मांडव: जांभळीचे डहाळे, आंब्याचे टाळे, रानातून आणलेले ओले खांब. आई काकुळतीला आली. "आवं, पोरीचा मांडव हाय. चार डहाळं तरी आणा." आबा दिवसभर अंगणात फेऱ्या घालत राहिले, आणि कुंपणापलीकडून सारं गाव त्यांच्या पायांकडे पाहत राहिलं. त्यांनी चार डहाळ्या तोडल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी चारशे तुटल्या असत्या, हे त्यांना कळत होतं आणि गावालाही. तिसऱ्या प्रहरी ते डोंगरमाथ्यावरचा कातळाचा सडा ओलांडून धनगरांच्या वस्तीवर गेले आणि घोंगड्यांचा भारा घेऊन परतले. बैलगाड्या मागं कलंडवून त्यांची जुवं आभाळाकडे केली, त्यांना दोर ताणले, वर काळ्या घोंगड्या पसरल्या. मुहूर्तमेढीला वाऱ्यानं मोडलेली उंबराची वाळकी फांदी लावली.

मिरजेहून वऱ्हाड आलं. लोकरीच्या उग्र वासानं नाकाला पदर लावत माझी आतेसासू सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे लगीन हाय का मेंढरांचा वाडा?" हशा उसळला. मी बाशिंगाआड रागानं रडले. एका मुलीच्या लग्नाहून यांना डोंगर मोठा, असं मला वाटलं, आणि ते खरंच होतं. आबा मात्र वऱ्हाडाला पाणी देत गर्दीतून फिरत होते, एकाही टोमण्यावर न थांबता.

पुढच्या महिन्यात गणपाकाकांच्या मुलीचं लग्न निघालं. घोंगड्या मागायला काका स्वतः वस्तीवर गेले. त्यानंतर आमच्या गावात हिरवा मांडव कुणी घातला नाही.

मला भेटायला आबा मिरजेला येत तेव्हाही बसत नसत. चहा थंड होई आणि ते स्टेशनाकडे निघालेले असत. रुळांशेजारी रचलेल्या लाकडी स्लीपरांवरून ते हात फिरवीत आणि विचारीत, "कुठल्या डोंगराचं असंल गं हे?" मग त्यांना लगेच परतायची घाई होई.

स्वराज्य आल्यानंतरच्या दुसऱ्या श्रावणात ते अंथरुणाला खिळले. मी माहेरी गेले तेव्हा घोटभर पाणीही त्यांना गिळवत नव्हतं, पण पांघरुणाखाली पाय हलत होते. झडीच्या एका सकाळी तेही थांबले.

बाहेर धो धो पाऊस आणि समोर डोंगर, रोपांनी, फुटव्यांनी, पुन्हा उभ्या राहिलेल्या ऐनांनी दाटलेला. चितेला मात्र वाळकं लाकूड नाही. रानात पडलेलं सारं भिजून गेलेलं. कुणीतरी चाचरत म्हणालं, आजच्या दिवस एखादं झाड पाडलं तर आबांसाठी कोण नको म्हणेल? दारात उभे असलेले गणपाकाका वळले. "हिरवं तोडायचं न्हाई. घरातनं आणा."

आणि पावसाळाभर पुरवून पुरवून वापरायचा तो प्रत्येक घरचा साठा बाहेर निघाला. इरल्यांखाली झाकून बायकांनी सरपण आणलं, गोवऱ्या आणल्या. कुणी मोडक्या नांगराचा लाकडी रुमणा आणला. त्या संध्याकाळी गावातल्या कित्येक चुली पेटल्या नाहीत.

माणूस गेल्यावर त्याची उणीव रिकाम्या जागी जाणवते, असं लोक म्हणतात. मला आबांची उणीव त्या डोंगरावर जाणवते, जिथं आता तसूभर जागा रिकामी नाही.