येरमेट्याची साक्ष

त्या उन्हाळ्यात इसरूला एका जागी बसवत नव्हतं. घास अर्धा ठेवून उठायचा, मोहफुलं वेचायला जायचा आणि रिकामी टोपली घेऊन परतायचा. का, ते त्याच्या बायकोला, मंगलीला, कळत नव्हतं.

हिवाळ्यात, १९५५ साल सरताना, लोखंडाचा दगड शोधणारी एक कंपनी येरमेटा डोंगरापाशी आली होती. तिचा कारभारी भैयाजी ब्रह्मपुरीकडचा. त्याला गोंडी येत नव्हती. इसरूनं ठेकेदाराकडं लाकूडतोड करता करता मराठी उचलली होती, गावात बाकीच्यांना ती जेमतेम कळायची, म्हणून वाट दाखवायला त्यालाच घेतलं. खाली उतरल्यावर भैयाजीनं कागद पुढं केला. ‘डोंगर पडीक आहे, गावाचा तिथं कसलाच वापर नाही,’ असं त्यानं त्यातून वाचून दाखवलं.

“साक्षीले अंगठा दे. पुढं तुले मुकादम करतो,” भैयाजी म्हणाला.

इसरूनं दिला. वर कोणी राहत नाही, हे तर खरंच होतं.

वैशाखात डोंगरावर खड्डे पडले. उपसलेली तांबडी माती कोसळून नाल्यात आली. गावाला पाणी तेवढंच. मासे उलटे तरंगू लागले. बायकांनी वाळूत झिरे खणले, तर त्यांतूनही तांबडंच पाणी पाझरलं. गावचा पूजापाठ पाहणारा म्हातारा गायता पोचू चारचौघांना घेऊन कंपनीच्या तळावर गेला. भैयाजीनं त्यांना कागद वाचून दाखवला.

“तुमच्याच इसरूचा अंगठा हाये यावर.”

पोचू परत आला आणि इसरूच्या दारावरून मान खाली घालून निघून गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुवा खरंच अंगठा देल्ला?” मंगलीनं विचारलं.

“देल्ला. वर कोनी राह्यत नाई ना.”

“राह्यत नाई म्हनून आपला नाई होय का? पानी कुठून येते मंग?”

इसरू उठून बाहेर गेला. नाल्याच्या काठानं संध्याकाळपर्यंत नुसता चालत राहिला.

आठ दिवसांनी कंपनीनं खाणीसाठी केलेल्या अर्जाची चौकशी करायला तहसीलदार तळावर आले. सारा गाव गोळा झाला. त्यांनी साक्षीदाराचं नाव पुकारलं, तसा भैयाजी इसरूच्या कानाशी आला.

“मुकादमी पक्की हाये. उगा काही बोलू नको.”

इसरू पुढं झाला. “साहेब, अंगठा माहाच हाये. पन लिहिलेलं खोटं हाये.”

“मग खोट्यावर अंगठा का दिलास?”

“मले मुकादम व्हाचं होतं.”

गर्दीत कोणीतरी थुंकलं. इसरू थांबला नाही. बांबू कुठून आणतो, कंद कुठं खणतो, आपल्या पेनाचं, देवाचं, ठाणं कुठं आहे, सगळं सांगत तो तहसीलदारांना भर उन्हात नाल्याच्या उगमापर्यंत घेऊन गेला. खाली आल्यावर तहसीलदारांनी पटवाऱ्याला निस्तारपत्रक उघडायला लावलं. जंगलावरचे गावाचे हक्क त्यात लिहिलेले असतात. नाला आणि डोंगराचा उतार, दोन्ही त्यात होते. तोवर ते पान कोणी पाहिलंच नव्हतं.

“निकाल लागेपर्यंत खोदकाम बंद,” तहसीलदार म्हणाले.

निकालाची वाट न पाहता कंपनीनं पावसाआधी तळ हलवला. पुरानं माती वाहून नेली, पण खड्डे तसेच राहिले. गावही विसरला नाही. धान कापताना इसरूच्या शेजारी कोणी उभं राहत नसे.

दिवाळीनंतर बाजारात त्याच्या कानावर आलं, की दक्षिणेला दोन दिवसांच्या वाटेवर भैयाजीनं दुसऱ्या डोंगराखाली तंबू ठोकलेत. इसरू तडक पोचूकडं गेला आणि दारातूनच त्यानं ते सांगितलं.

पोचू बांबू सोलत होता. वैशाखापासून तो इसरूशी एक शब्द बोलला नव्हता.

“तिथच्या लोकायले मराठी येते का?”

“नाई.”

पोचूनं बांबू बाजूला ठेवला आणि आपली काठी घेतली.

“मंग चाल.”