गाळातली हळद

सत्यशीलाबाईंची चूक एकच, त्यांनी काम केलं. भादव्यातल्या पुरात ओढ्याने त्यांचं अर्धा एकर हळदीचं रान खरडून नेलं, खालचा मुरूम उघडा पडला. पंधरा दिवस पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही. पेरणीजोगा वाफसा निघून चालला होता, म्हणून नवऱ्याला, सिद्धोधनला, जोडीला घेऊन त्यांनी कडेची माती ओढली, खड्डे बुजवले आणि ज्वारी पेरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आज दुपारी तलाठी बालाजी आला, तर समोर बोटभर हिरवीगार ज्वारी.

"ताई, खरडलेलं कुठं हाय?"

"इथंच. बुजवलं आमी."

"फोटो?"

"फोटो काढत बसले असते, तर पेरलं कुणी असतं?"

बालाजी माणूस वाईट नव्हता. पण नुकसान दिसलं तरच ते नुकसान, हा सरकारचा न्याय. "यादी आज पाचला तहसीलला जायलाय. दिसल्याबिगर लिहू कसं?"

 सरकारी मदतीतून बाईंना ओढ्याकाठी दगडी बांध घालायचा होता. तो झाला नाही, तर पुढच्या पुरात उरलेलं रानही जाणार होतं.

त्यांची नजर खालच्या रानात गेली. ते दिनकररावांचं. दोन रानांमधला बांध दोन हात कुणाचा, यावरून सात वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. बाईंची सगळी माती तिथे वीतभर गाळ होऊन बसली होती, आणि त्या गाळात रुंद पानांचा एक पट्टा उभा होता. हळद! दिनकररावांनी जन्मात हळद लावली नव्हती. आणि त्यांचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर फिरवत नेमका त्या पट्ट्याकडेच येत होता.

बाईंनी पदर खोचला आणि धावत सुटल्या. बांध ओलांडून पट्ट्यात जाऊन उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर दोन हातांवर थांबला.

"बाजूला व्हा बाई," दिनकरराव वरून ओरडले.

"मपली हळद हाय ही."

"मपल्या रानात हाय."

बालाजी धापा टाकत आला. "दिनकरराव, तुमी हळद कदी लावली?"

दिनकररावांनी पट्ट्याकडे पाहिलं.

बालाजीच पुढे म्हणाला, "गाळ साचला म्हणून तुमचा पंचनामा सोमवारी मीच केला. मग गाळ आला कुठून?"

इकडे आड, तिकडे विहीर. हळद आपली म्हणावी, तर गाळही आपलाच ठरतो आणि मदत जाते; बाईंची म्हणावी, तर त्यांनाही मदत मिळते. दिनकररावांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"वरून आला. हिच्या रानातून."

बालाजीने फोटो घेतले, तिथेच मांडीवर पंचनामा लिहिला आणि शेजारी म्हणून सहीला कागद दिनकररावांपुढे धरला. त्यात चतुःसीमा, म्हणजे रानाच्या चारही हद्दी होत्या, आणि बांध जिथे होता तिथेच, म्हणजे ते दोन हात बाईंकडे, लिहिला होता. दिनकररावांनी ती ओळ दोनदा वाचली. पेन थांबलं. 

"माती तर सगळी मपल्याकडंच आली," शेवटी ते म्हणाले. "दोन हात बांधाचं काय घेऊन बसू."

आणि सही केली.

बाईंचे डोळे भरून आले होते. खाली बसून त्यांनी हळदीचा पहिला गड्डा उपटला, आणि मुळांची माती न झटकता तसाच ओच्यात घेतला.