रंगुबाईनं सोडलेले उंदीर

हे घडलं दोन हजार वीस साली, फलटण तालुक्यातल्या एका गावात. कालव्याच्या अलीकडे ऊस, पलीकडे माळ. सांगलीची पायल तिथल्या उंदरांवर पीएच.डी. करत होती आणि रंगुबाईकडे उतरत असे. उसातल्या उंदरांची गुणसूत्रं चाळीस, माळावरच्यांची छत्तीस; त्यांच्यात काही दोन-दोन चिकटून एक झालेली.

"मग सोयरीक जमती का न्हाई त्यांची?" रंगुबाईनं विचारलं.

"जमते, मावशी. कालव्याच्या काठाला मिश्र पिल्लंही होतात. पण त्यांना पुढं पिल्लं होताना गुणसूत्रांची जुळणी फसते, कितीतरी पोटातच जिरतात. म्हणून माळाचं रक्त उसात आत शिरत नाही. तेच मला सिद्ध करायचंय."

"म्हंजे चोळीचं हुक एक घर चुकलं की खालची समदी चुकत्यात, तसं."

मार्चमध्ये पायल सांगलीला गेली आणि टाळेबंदी लागली. पायलनं पकडलेले माळाचे चोवीस उंदीर रंगुबाईच्या गोठ्यात, पिंजऱ्यात राहिले. रोग जनावरातून आलाय, अशी गावात कुजबुज सुरू झाली. रंगुबाईचे यजमान लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, म्हणाले, "बुडव हौदात. उंदरांची बाळंतपणं करत बसलीयास व्हय?"

बुडवायला तिचा हात होईना. कालव्याच्या पुलावर गावानं बाभळीचे काटे टाकलेले, माळावर जाता येईना. तिनं पिंजरे गोठ्यामागच्या उसात उघडले आणि पायलला फोनवर सांगितलं, "मेली गं समदी."

डिसेंबरात ऊस तुटताना पायल परत आली. फडाच्या मधोमध, कालव्यापासून लांब, तिला सात मिश्र उंदीर सापडले. ती बांधावर बसून राहिली.

"तीन वर्षांचं काम खोटं ठरलं, मावशी. माळाचं रक्त आत शिरलंय."

"शिरलं न्हाई. मी घातलंय," रंगुबाई म्हणाली. "मेली न्हवती ती. मी सोडली."

दोन दिवस पायल तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. "सगळे चोवीस? तारीख कुठली?"

"रामनवमीच्या आदल्या दिशी," दारातून लालासाहेब म्हणाले.

"आवं, तुमास्नी ठावं व्हतं?"

"धुतल्यालं पिंजरं दिसलं मला. फौजेत काय गोट्या खेळलो?"

पायलनं त्याच फडात आणखी दोन हंगाम सापळे लावले. पहिल्या वर्षी दोन मिश्र उंदीर मिळाले, दुसऱ्या वर्षी एकही नाही. जी गुणसूत्रं दोन्हीकडे सारखी होती, त्यांच्यातलं थोडं माळाचं रक्त उसातल्या उंदरांत उरलं. चिकटलेल्यांतलं काहीच उरलं नाही. म्हणजे पायलचं म्हणणंच खरं ठरलं. ठरवून असा प्रयोग करायला तिला कुणी परवानगी दिली नसती.

प्रबंध दोन हजार तेवीसमध्ये मंजूर झाला. उंदीर कुणी, कधी, कुठं सोडले, हे त्यात लिहिलेलं आहे. पायल आता मिरजेला शिकवते. लालासाहेब त्याच दिवाळीत गेले. रंगुबाई लेकीकडे फलटणला असते. पायलचा फोन येतो. रंगुबाईनं तब्येत बरी असल्याचं सांगितलं, तरी पायल विचारतेच, "खरं ना, मावशी?" आणि मग लेकीला फोन द्यायला सांगते.