धाकटीनं जोडलेली माणसं

माझी धाकटी जाऊ माणसं जोडायची आणि मला त्याचा राग यायचा. आता चाळीस वर्षांनी लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

युवक मंडळ मी काढलं होतं. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या, खालून यंत्राची धडधड, आणि शाळा सुटली की जिना चढून येणारी पंचवीस-तीस मुलंमुली. सात वर्षं मी तिथं झाडण्यापासून गणितापर्यंत सगळं केलं. अडचण एकच होती. सोळावं सरलं की मुलं यायची बंद व्हायची. त्या वयात त्यांना पोटापाण्याचं एखादं हातकाम शिकायचं असे, आणि ते शिकवणारं आमच्याकडे कुणी नव्हतं.

धाकटी लग्न होऊन आली आणि वर्षभरात मंडळात रुळली. तिची एक रीत होती. कुणाकडे पहिल्यांदा गेली की काही म्हणता काही मागायची नाही. "तुमचं काय अडलंय?" एवढंच विचारायची. दवाखान्यात नोंदी ठेवायला माणूस नव्हता, तर आमच्या चार मुली तिथं गेल्या आणि मलमपट्टी शिकून आल्या. ग्रंथालयाच्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे हवे होते, तर तिथं बांधणी शिकायला मिळाली. लोक म्हणत, "तुमच्या जाऊबाई म्हणजे साखर हो."

"हो ना," मी म्हणायची, "म्हणून तर मुंग्या लागतात."

मग तिनं बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात खेपा सुरू केल्या. सहा महिन्यांनी तिथले मुख्य मिस्त्री दरसाल दहा मुलं हाताखाली घ्यायला जवळजवळ तयार झाले. एकदा मंडळ बघून ठरवतो, म्हणाले. नेमकी त्याच आठवड्यात धाकटीची आई आजारी पडली आणि ती माहेरी निघाली.

"ताई, काही सजवू नका," ती पिशवी भरता भरता म्हणाली. "बिघडलेला पंखा, ती बंद पडलेली शिवणयंत्रं, सगळं उघडं पडू दे. मुलं खटपट करताना त्यांना दिसू देत."

"मी मंडळ काढलं तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस."

"म्हणून तर सांगते. तुमचा हात स्वस्थ राहत नाही."

नाहीच राहिला. मी फरशी दोनदा पुसली, पंखा आणि यंत्रं माळ्यावर चढवली, मुलांना नखं कापून ओळीत बसवलं. मिस्त्री आले. बोटांच्या पेरांत काळं वंगण मुरलेलं, खुर्चीवर बसायलाही बिचकत होते. मी सात वर्षांचा अहवाल वाचून दाखवला.

"इथं काही अडतं का?" त्यांनी विचारलं.

"छे. काही म्हणजे काही कमी नाही."

धाकटीवाचूनही आमचं चालतं, हे मला त्यांना दाखवायचं होतं. त्यांना ते पटलं.

"मग आमची कशाला गरज? आमचं काम तेलकट, बाई. पोरांचे कपडे खराब होतील." आणि ते जिना उतरून गेले.

मागच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "मी पंखा खोलून दाखवणार होते." तिला पुढच्या महिन्यात सोळा वर्षं पूर्ण होणार होती.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले. धाकटीचं पहिल्यांदाच काहीतरी फसलं होतं. मिस्त्रींनी नकार दिला, एवढं सांगितलं असतं तर कुणी खोलात शिरलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले.

मिस्त्री एका बसखाली होते. त्यांचे नुसते पाय दिसत होते. मी पायांनाच सांगितलं, "त्या दिवशी मी बिघडलेलं सगळं माळ्यावर लपवलं होतं."

ते बाहेर आले. "का?"

"जावेवर जळत होते."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "माझा धाकटा भाऊ इथंच वरच्या कचेरीत साहेब आहे. मला सुटीसुद्धा त्याला विचारून घ्यावी लागते. बसा."

दहा मुलं ठरली. कागद तयार झाला. मी पर्समधून पेन काढलं, तर ते म्हणाले, "सही तुमच्या जाऊबाईंचीच हवी. बोलणं त्यांच्याशी झालंय."

धाकटी परतली तेव्हा मी तिच्यापुढं कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. जळत होते, हे सोडून.

"फरशी किती वेळा पुसलीत?" तिनं विचारलं.

"दोनदा."

"मला वाटलं, तीनदा." तिनं सही केली, मोठी, लफ्फेदार.

सोमवारी दहाजण कारखान्याकडे निघाले. ती मुलगी सगळ्यांत पुढं होती. तिच्या घरी मी स्वतः जाऊन आले होते. वळणावर ती थांबली आणि फाटकात उभ्या धाकटीकडे बघून हात हलवला. मी वर खिडकीत होते. मीही हलवला. तिला दिसला की नाही, कोण जाणे.