'लेनी' लिहिलेली पाटी

मी पाटी. शाळेतली नव्हे, रस्त्याकडेची. नगरहून शिर्डीला जाताना एक फाटा आत वळतो, तिथं बाभळीला तारेनं आवळून बांधलेली. समोरून गाड्या ऐंशीच्या वेगानं जातात. त्यांना शिर्डी गाठायची असते, मग शिंगणापूर, मग घर. मला त्याचं काही वाटत नाही. पत्र्याला काय वाटायचंय?

आधी मी गोडेतेलाचा डबा होते. रतनबाईनं मला कात्रीनं उभं चिरलं, दगडानं ठोकून सपाट केलं. मागच्या बाजूला अजून मुंग्या येतात. पुढून पांढरा रंग, त्यावर निळी अक्षरं: 'लेनी. अर्धा कोस. या.' आणि एक बाण.

रतनबाईनं तीस वर्षं भिंगारच्या लष्करी छावणीत झाडलोट केली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकली ती छावणीतल्या पाट्यांवरून, दिसेल त्याला विचारून. 'प्रवेश बंद'. 'पीने का पानी'. एक पाण्याची सोडली तर सगळ्या पाट्या माणसाला हाकलतात, म्हणायची. म्हणून माझ्यावर तिनं 'या' लिहिलं.

बाण दाखवतो तिथं डोंगराच्या पोटात तीन खोल्या कोरलेल्या आहेत. एक अर्धवट स्तूप, दगडी बाक, आणि एक टाकं, त्यात वैशाखातही गार पाणी. वैशाखी पौर्णिमेला रतनबाईची माणसं मेणबत्त्या घेऊन वर जातात. बाकी वर्षभर वटवाघळं. कुठल्या पुस्तकात नाव नाही, की गाडीवाल्यांच्या मोबाईलमध्ये.

वर जाणारी वाट कानिफनाथच्या वावरातून जाते. माणूस वाईट नाही. गेल्या होळीला त्यानं रतनबाईला तोंडावर सांगितलं, "मावशी, मला डाळिंब लावायचंय, तारंचं कुंपान घालायचंय. वर्साला एक दिस तुमी येता, तेवढ्यासाठी मधून वाट कशी सोडू? रोज मानसं चालली तर सोडीन. आषाढापर्यंत बघतो."

म्हणून मला जन्माला घातलं. वाटेवर पाय पाडायला.

उन्हाळी सुटीत पुण्याची एक गाडी थांबली. पाच जण उतरले. वाटलं, चालले आता वर. ते माझ्यापाशीच थांबले.

"लेनी! ही कोण रे लेनी?"

"कोण असेल ती असो. अर्धा कोस चालून भेटायचंय म्हणे तिला."

हसून झालं. 'न'वर बोट ठेवून फोटो काढला, आणि गेले शिर्डीला. पुढच्या आठवड्यात गाड्यांची रांग. प्रत्येकाला माझ्या शेजारी उभं राहायचं. बाण माझ्या अंगावर एवढा ढळढळीत, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही. एकच जण वावरात शिरला. तो लघवीला गेला होता, तोही बांधापर्यंतच.

माणसाचं हे मला कळत नाही. मळलेल्या वाटा सोडून वेगळं काही बघायचंय म्हणत निघतो, आणि फाट्यावर दुसऱ्याची चूक सापडली की त्याचं पोट भरतं.

रतनबाई गर्दी बघून हरखली होती. तिची नात माधुरी नगरला कॉलेजात जाते. तिनं मोबाईल दाखवला, फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. माझ्यासमोरच.

"आजी, तिथं ण पाहिजे. लोक हसतायत."

"हसू दे. मी न म्हनती, म्हनून न लिवला. आन् लष्कर पानी लिवतंय ते? त्यास्नी हसलं का कुनी?"

"आजी, ते हिंदी आहे."

सत्तर वर्षांत हे रतनबाईला कुणी सांगितलं नव्हतं. ती आली तशी निघाली. चप्पल विसरली, माधुरीनं मागून नेऊन दिली.

चार दिवस ती फिरकली नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी आली, खिळ्यानं 'न' खरवडून काढला आणि 'ण' लिहिला. दांडी जरा लांब झाली. कानिफनाथ बांधावर उभा होता. म्हणाला, "आता कसं शुद्ध झालं, मावशी."

"झालं," ती म्हणाली. "आता बघू कोन येतंय."

कुणी आलं नाही. शुद्ध पाटीचा फोटो कोण काढतो?

आषाढ लागला. कानिफनाथ आठ दिवस जास्तीचे थांबला, हे मला सांगितलंच पाहिजे. मग खड्डे घेतले, खांब रोवले. तार ओढायच्या आदल्या दिवशी तो तिच्या दारात जाऊन आला, असं माधुरी मैत्रिणीला माझ्यापाशी उभी राहून सांगत होती. आजीनं त्याला चहा दिला. एवढंच म्हणाली, "तू सांगितलं हुतंस. घाल कुंपान."

आता माझा बाण सरळ तारेत शिरतो. मी खोटं बोलते, असं म्हणा. ऊन लागतं, पाऊस लागतो, दोन्ही सारखंच लागतं. रतनबाई इकडं येत नाही.

तुम्ही कधी या फाट्यावर आलात, तर माझ्याजवळ थांबू नका. कुंपणाला उजवीकडं ठेवून ओढ्याच्या काठानं चालत राहा. दीड तास लागेल. वर तिकीट नाही, चहा नाही, औषधालाही माणूस नाही. टाक्याचं पाणी प्या, बाकावर बसा. उतरल्यावर गावात रतनबाईचं घर विचारा. कुणीही दाखवेल. दारात उभं राहून तिला एवढंच सांगा, की आम्ही वर जाऊन आलो.