दुसरी घडी

मी नोकरीला होते ते कपड्यांचं दुकान बंद झालं आणि मी घरी बसले. घरी बसायची मला सवय नव्हती. सकाळी नवरा कामावर गेला की मी कपाट उघडायची, आवरायची, आणि दुपारी पुन्हा उघडायची.

अशाच एका दुपारी कपाटाच्या तळाशी माझं निळं जाकीट सापडलं. हौसेनं घेतलेलं आणि घडी मोडल्यावर लगेच मनातून उतरलेलं. लोक हल्ली वापरलेले कपडे मोबाईलवरून विकतात हे ऐकून होते. मी जाकीट पलंगावर पसरलं, फोटो काढला, खाली लिहिलं, ‘उत्तम स्थितीत, अगदी नव्यासारखं,’ आणि वाट बघत बसले. काळं कुत्रंही फिरकलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर माझे मोठे दीर आणि जाऊबाई राहतात. जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. वहिनींचं बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना वचकूनच असायची. पुढे भीती गेली, पण उगाच वर जाऊन निवांत बसावं असंही काही झालं नाही. आमच्यात भांडण नव्हतं, तसं सख्यही नव्हतं.

त्यांची इस्त्री बिघडली म्हणून त्या माझी न्यायला आल्या, तेव्हा जाकीट अजून पलंगावरच होतं.

“हे असं आडवं का पडलंय? आजारी आहे?”

मी सगळं सांगितलं. मोबाईल दाखवला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून माझी ती एक ओळ वाचली, मग जाकीट उचलून त्याची बाही उलटी केली.

“काखेतली शिवण उसवली आहे. ते कुठे लिहिलंयस?”

“असं लिहिलं तर घेणार कोण, वहिनी?”

“आणि नाही लिहिलं तर घेतं कोण? लोकांना कळत नाही का, नव्यासारखं असतं तर ही बया विकायला कशाला बसली असती? सुई-दोरा दे.”

खिडकीपाशी बसून त्यांनी शिवण घातली. माझ्या हातचा मजकूर पुसायला लावला आणि स्वतः सांगितला तो असा: ‘डाव्या काखेतली शिवण उसवली होती, ती पुन्हा घातली आहे. हात वर केल्याशिवाय दिसत नाही. दोन्ही हात वर करून बोलायची सवय असेल तर घेऊ नये. रंग सुंदर आहे, पण सावळ्या माणसालाच खुलतो. विकणारी गोरी आहे, म्हणून विकते आहे.’

मला हसू आवरेना. संध्याकाळ व्हायच्या आत जाकीट विकलं गेलं. घेणारीनं लिहिलं होतं, ‘मी सावळी आहे आणि हात खालीच ठेवते.’

दुसऱ्या दिवशी वहिनी इस्त्री परत द्यायला आल्या, त्या हातावर स्वतःचे तीन स्वेटर टाकूनच.

असा आमचा उद्योग सुरू झाला. दुकानात राहून मला मापं घेणं, कापड ओळखणं, कपडा टांगून त्याला आकार आणणं हे येत होतंच. मी धुवायची, लोकरीवरचे गोळे काढायची, खांदा, छाती, उंची मोजून मांडायची आणि दहाच्या सुमाराला खिडकीतून ऊन न येता नुसता उजेड येतो तेव्हा फोटो काढायची. वहिनी बटणं लावायच्या, रफू करायच्या आणि मजकूर सांगायच्या. पुरुषांचे कोट टांगले की मेल्यासारखे दिसत, म्हणून आम्ही भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, उभं केलं.

“चेहरा येणार नाही ना?” त्यांनी घाबरून विचारलं.

“मानेपासून वरचं कापणार आहे ती,” वहिनी म्हणाल्या. “तुमचं तिथलं तसंही वापरात नसतं.”

भाऊजी बिचारे पोट आत घेऊन उभे राहिले. त्यांच्या फोटोखाली वहिनींनी लिहून घेतलं, ‘कोट घातलेल्या गृहस्थांनी श्वास रोखला आहे. तुम्हाला रोखावा लागू नये म्हणून कोट एक माप लहान समजून घ्यावा.’ तो कोट घ्यायला माणसांची झुंबड उडाली.

नातेवाईक कपाटं रिकामी करून देऊ लागले. घर बदलणारे लोक गठ्ठे आणून टाकू लागले. दुकानाला नाव हवं म्हणून आम्ही ‘दुसरी घडी’ ठेवलं. पहिली घडी कुणीतरी मोडलेलीच असते, दुसरी तुम्ही मोडा, असा त्याचा अर्थ. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला मी दुसरी नोकरी शोधायची सोडून दिली. तशी गरजच उरली नाही.

वहिनींची अट मात्र एकच होती. इमारतीत कुणाला कळता कामा नये.

“चोरी करतोय का आपण?” मी विचारलं.

“चोरी परवडली. लोक म्हणतील, यांच्यावर अंगावरचे कपडे विकायची पाळी आली.”

लोक म्हणजे खरं तर एकच बाई. वहिनींच्या समोरच्या दारात एक दातांच्या डॉक्टरीणबाई राहत. नेहमी कडक, नेटक्या. जिन्यात भेटल्या तर मान एवढीशी हलवत आणि पुढे जात. “नाकानं कांदे सोलते,” वहिनी म्हणत. “आपल्याशी बोलली तर हिचे दात झिजतील.” त्यांना दिसू नये म्हणून आमची पार्सलं भाजीच्या पिशवीतून बाहेर जात. वर कोथिंबिरीची जुडी. ती जुडी पोस्टापर्यंत जाऊन परत येई, आणि सुकली की आमच्या आमटीत पडे.

याच दिवसांत आम्हाला एक गिऱ्हाईक लाभलं. मोबाईलवर तिनं स्वतःचं नाव ‘चिमणी’ ठेवलं होतं. चिमणी प्रश्न फार विचारी, पण मुद्द्याचे. एकदा तिनं विचारलं, ‘हा करडा स्वेटर मानेला टोचतो का?’

वहिनी तो स्वेटर घालून दुपारभर वावरल्या आणि मग उत्तर सांगितलं: ‘दुपारभर घालून पाहिला. स्वेटर टोचला नाही. नवऱ्याचं बोलणं टोचलं, पण त्यात लोकरीचा दोष नाही.’

चिमणीनं हसरा चेहरा पाठवून स्वेटर घेतला आणि लिहिलं, ‘माझ्याकडे टोचायलाही कुणी नाही. दिवसभर लोकांची तोंडं उघडी असतात, पण माझ्याशी बोलत कुणीच नाही.’

“गाण्याची शिक्षिका असेल,” वहिनी म्हणाल्या. त्यानंतर त्या माझ्याकडून मोबाईल मागून घेऊ लागल्या. कपड्यांचं राहिलं बाजूला, दोघींचं काय काय चाले. झोप लागत नसेल तर काय करावं, एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा आला तर काय करावं. “किती समंजस बाई,” वहिनी म्हणत. “शेजार मिळावा तर असा. नाही तर आमचं नशीब.”

चिमणीची पार्सलं गावाच्या दुसऱ्या टोकाला, कुणा बहिणीच्या पत्त्यावर जात.

मग तो हिरवा कोट आला. जाड, उत्तम विणीचा, लाकडी बटणांचा. त्यातलं वरून दुसरं बटण नव्हतं. तसं बटण कुठेच मिळेना, तेव्हा वहिनींनी स्वतःच्या जुन्या कोटाचं काढून लावलं. त्याला कडेला टवका उडालेला होता. मजकुरात अर्थातच ते आलं, खिशाजवळचं अस्तर विरलेलं आहे हेही आलं. चिमणीनं तो हातोहात घेतला.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघी पिशव्या घेऊन जिना उतरत होतो आणि डॉक्टरीणबाई खालून वर येत होत्या. अंगात तो हिरवा कोट.

मला वाटलं तसलाच दुसरा असेल. पण वहिनींची नजर वरून दुसऱ्या बटणावर खिळली होती. त्या पायरीवर थांबल्या. डॉक्टरीणबाईंनाही थांबावं लागलं.

“कोट छान आहे,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई जराशा गोंधळल्या. “हो का? नवीनच घेतला.”

मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. खोटं ऐकलं की वहिनींच्या जिभेला खाज सुटते. पण त्या अगदी मऊ आवाजात बोलल्या.

“उजव्या खिशात किल्ल्या ठेवू नका हं. अस्तर विरलंय तिथलं.”

डॉक्टरीणबाईंचा हात आपसूक खिशाकडे गेला. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं, कोथिंबिरीखालून डोकावणाऱ्या खाकी पुडक्याकडे पाहिलं.

“म्हणजे... ज्यांना नवऱ्याचं बोलणं टोचतं, त्या तुम्ही?”

“आणि तू चिमणी?” वहिनी ओरडल्याच. आजवर ज्यांच्याशी ‘अहो’शिवाय बोलल्या नव्हत्या त्या बाईंना त्यांनी एकदम अगं-तुगं केलं. “अगं, मग दिवसभर उघडी तोंडं म्हणजे दात काढतेस होय! आणि मी समजत होते गाणं शिकवतेस!”

डॉक्टरीणबाई जिन्याचा कठडा धरून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलेल्या आहात. जिन्यात कपाळाला आठ्या असायच्या.”

“तो माझा नेहमीचा चेहरा आहे. रागावले की वेगळा दिसतो.”

“बहिणीच्या पत्त्यावर मागवत होते. म्हटलं, इथे कुणी पाहिलं तर म्हणतील, डॉक्टर असून जुने कपडे घालते.”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” मी म्हटलं. “समोरच्या दारात द्यायचा कोट आम्ही गावभर फिरवून आणला.”

त्या दिवशी पार्सलं उशिरा गेली. आम्ही तिघी वहिनींच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो. भाऊजी दारात येऊन बघून गेले आणि आत यायची हिंमत न करता परत फिरले. बायकोला इतकं हसून बोलताना त्यांनीही पाहिलं नसावं.

त्यानंतर चिमणी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडेच असते. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक काम करणारा हात, रफू तर असं करते की वहिनींनाही शोधावं लागतं. मजकुरावरून मात्र दोघींचं दर वेळी वाजतं. चिमणीला वाटतं थोडं गोड लिहावं. वहिनी म्हणतात, गोडानं काय होतं ते तुला मी सांगायचं का?

कपडे वाढले तशा खुर्च्या, दारं, खिडक्यांचे गज सगळे हँगरांनी भरले. नवरा म्हणाला, “मला उभं राहायला तरी जागा ठेवा, नाही तर मलाही टांगा.” म्हणून परवा आम्ही तिघी जाऊन कपडे टांगायचा लांबलचक लोखंडी दांड्याचा स्टँड घेऊन आलो. गाडीत तो मावेना. मग हातांनीच उचलला. पुढे वहिनी, मागे चिमणी, मध्ये मी. त्याचं एक सैल चाक सारखं हवेतच कुरकुरत होतं. भर बाजारातून लोक वळून वळून बघत होते.

एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, “हे काय, दुकान काढलं का?”

“काढलंय की,” वहिनी थांबून म्हणाल्या. “जुने कपडे विकतो आम्ही. या कधीतरी. तुम्हाला हा पिवळा रंग काही बरा दिसत नाही, दुसरं काहीतरी देते.”

त्या बाईंनी आपल्या पिवळ्या पदराकडे पाहिलं. मागून चिमणी हसून इतकी हलायला लागली की स्टँड माझ्या खांद्यावर आदळला. “नीट धरा गं दोघी,” वहिनींनी दटावलं आणि पुढे बघून हाका घालायला लागल्या, “सरका, सरका, वाट द्या.”